नियम निसर्गाचा, पेटी माणसाची

१

डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथे संगणक, प्रणाली आणि संदेशप्रक्रिया या विषयांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अशा परिषदांची इतिवृत्ते छापली जातात, ग्रंथालयांत पोहोचतात आणि बहुधा तिथेच विसावतात. या इतिवृत्तात मात्र १७५ ते १७९ या पाच पानांवर एक निबंध आहे, ज्याचा उल्लेख केल्यावाचून आज क्वांटम तंत्रज्ञानाचा, म्हणजे मराठीत जिला पुंजभौतिकी म्हणतात तिच्यावर उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञानाचा, इतिहास लिहिता येत नाही. लेखक दोन: आयबीएमचे चार्ल्स बेनेट आणि माँट्रियल विद्यापीठाचे जिल ब्रासार. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि ते साल मिळून त्यांच्या पद्धतीला पुढे 'बीबी-८४' हे नाव पडले. दूर अंतरावरच्या दोन माणसांना एक गुप्त किल्ली अशा रीतीने ठरवता येईल की वाटेत कोणी कानोसा घेतला तर ते उघडकीस आल्यावाचून राहणार नाही, असा त्यांचा दावा होता. या दाव्याचा आधार एखाद्या गणिताची अवघडता हा नव्हता. निसर्गाचा नियम हा होता.

त्याच महिन्याच्या २ आणि ३ तारखांमधल्या रात्री, याच देशात, भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. या दोन घटनांचा दिनदर्शिकेपलीकडे काही संबंध नाही हे आम्ही आधीच सांगून टाकतो. ओढूनताणून तो जोडण्याची आमची इच्छा नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. भोपाळच्या कारखान्यात सुरक्षेची योजनाच नव्हती असे नाही. रसायन थंड ठेवणारी यंत्रणा, गळालेला वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा, तो जाळून टाकणारा मनोरा, हे सारे आराखड्यात होते. त्या रात्री शीतकरण बंद होते, मनोऱ्याची जोडणी सुटलेली होती आणि वायू धुणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी होती. आराखडा एक सांगत होता आणि कारखाना दुसरेच काही होता.

तंत्रज्ञान बाजारात आणताना जबाबदारी कशाला म्हणायचे, यावर गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते त्या साऱ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. आराखडा आणि कारखाना, सिद्धांत आणि यंत्र यांच्यामधल्या अंतराचा हिशेब कोण ठेवतो, आणि तो गिऱ्हाइकाला कोण सांगतो? क्वांटम किल्लीच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न फार स्वच्छ दिसतो, म्हणून तो इतिहास येथे मांडण्याचे योजले आहे.

२

कल्पनेचे मूळ बंगळूरच्याही मागे जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठातील स्टीफन वीस्नर या विद्यार्थ्याने एक विलक्षण टिपण लिहिले. ज्या नोटेत प्रकाशाचे काही कण विशिष्ट स्थितीत कोंडून ठेवले आहेत अशी नोट करता आली, तर तिची बनावट नक्कल करणे निसर्गालाच मान्य होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्या नियतकालिकाकडे त्याने ते पाठवले त्याने ते साभार परत केले. टिपण तसेच पडून राहिले आणि १९८३ साली कुठे छापून आले. वीस्नर पुढे जेरुसलेमला गेला आणि तेथे स्वतःच्या मर्जीने बांधकामावर मजुरी करत राहिला. २०२१ साली तो वारला. ज्या कल्पनेवर पुढे कंपन्या उभ्या राहिल्या तिच्या जनकाला बाजाराचे आकर्षण नव्हते, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

बेनेट हा वीस्नरचा मित्र. १९७९ च्या ऑक्टोबरात पोर्तो रिकोमधील सान हुआन येथे संगणकशास्त्राची एक परिषद होती. तेथे समुद्रात पोहत असलेल्या ब्रासारजवळ एक अनोळखी गृहस्थ पोहत आला आणि त्याने कधीच बनावट करता येणार नाहीत अशा नोटांची गोष्ट सुरू केली. तो बेनेट. या भेटीतून पुढची पाच वर्षे काम चालले. पण असे विषय छापायला कोणी सहज राजी नव्हते. अखेर भारतीय वंशाचे कॅनडास्थित प्राध्यापक विजय भार्गव यांनी ब्रासार यांना बंगळूरच्या परिषदेत हव्या त्या विषयावर बोलायला बोलावले, आणि ही संधी साधून क्वांटम किल्ली छापील रूपात जगापुढे आली.

पद्धत समजायला गणित लागत नाही. पाठवणाऱ्याने प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, पाठवायचा. त्याच्या कंपनाची दिशा दोन जोड्यांपैकी एकीत ठेवता येते: उभी-आडवी, किंवा दोन तिरप्या. प्रत्येक कणासाठी कोणती जोडी घ्यायची हे पाठवणारा नाणे उडवून ठरवतो. मोजताना कोणती घ्यायची हे घेणाराही तसेच ठरवतो. नंतर दोघे उघडपणे, अगदी टेलिफोनवरून, एवढेच ताडून पाहतात की कोणत्या कणाला कोणती जोडी लावली. जिथे जुळली ते कण ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मध्ये चोर बसला असेल तर त्याला जोडी ठाऊक नसते. चुकीच्या जोडीने मोजले की कणाची स्थिती बिघडते, आणि कणाची हुबेहूब प्रत काढून ठेवावी तर निसर्ग ती काढू देत नाही. त्यामुळे चोरी झाली की चुका वाढतात, आणि चुका मोजता येतात. किल्ली संशयास्पद वाटली तर ती टाकून द्यायची. निरोप अजून पाठवलेलाच नसल्यामुळे काही गमावलेले नसते.

इतके सुंदर तर्कशास्त्र क्वचित पाहायला मिळते. आणि नेमका इथेच धोका आहे, कारण सुंदर तर्कशास्त्र विकायला सोपे असते.

३

१९८९ च्या ऑक्टोबरात, सान हुआनच्या भेटीला दहा वर्षे होत असताना, बेनेट, ब्रासार आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळील प्रयोगशाळेत ही किल्ली प्रत्यक्ष पाठवून पाहिली. अंतर होते सुमारे ३२ सेंटिमीटर, म्हणजे एका टेबलाच्या आतले. यंत्र चालले. पण फोटॉनची दिशा बदलण्यासाठी जे विद्युत्-उपकरण वापरले होते ते दर वेळी आवाज करी, आणि दिशेप्रमाणे आवाजही वेगळा येई. खोलीत उभ्या असलेल्या कोणालाही नुसते ऐकून किल्ली कळली असती. आपले यंत्र कोणत्याही चोरापासून पूर्ण सुरक्षित होते, फक्त तो चोर बहिरा असला पाहिजे, अशा आशयाची थट्टा ब्रासार यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली.

या थट्टेत पुढच्या तीस वर्षांचे सार आहे. सिद्धांत फोटॉनबद्दल बोलत होता. यंत्र फोटॉनखेरीज आणखी पुष्कळ काही बोलत होते. नियम मोडला नव्हता. नियमाने ज्याची हमी दिलीच नव्हती अशा वाटेने गुपित बाहेर पडत होते. प्रयोगशाळेत हे हसून सांगता येते, कारण तिथे कोणाचे काही पणाला लागलेले नसते. हीच गोष्ट विकायला ठेवलेल्या पेटीबद्दल सांगायची वेळ आली की हसणे ओसरते.

पेटी विकली जाण्यासाठी आधी भीती विकली जावी लागते. ती १९९४ साली आली. बेल प्रयोगशाळेतील पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे त्याला फार जड जाणार नाही. बँका, दूरसंचार, सरकारी कारभार यांच्या गुप्ततेचा पाया असलेली १९७७ ची आरएसए पद्धत नेमकी या अवयव पाडण्याच्या अवघडतेवर उभी आहे. असा संगणक तेव्हा नव्हता. आरएसए मोडू शकेल एवढा मोठा अजूनही नाही. पण आज चोरून ठेवलेला निरोप उद्या उघडता येईल, ही शक्यता खरी आहे. रुग्णांच्या नोंदी, साक्षीदारांची नावे, राजनैतिक पत्रव्यवहार यांची गुप्तता वीस-तीस वर्षे टिकायला हवी असते. म्हणून ही भीती पोकळ नव्हती, आणि तिच्यावर धंदा उभारणे हेही मुळात गैर नव्हते.

२००१ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 'आयडी क्वांटिक' ही कंपनी काढली. अमेरिकेत 'मॅजिक्यू' ही दुसरी कंपनी २००३ च्या सुमारास आपली पेटी घेऊन बाजारात आली. २१ एप्रिल २००४ रोजी व्हिएन्नात आन्टोन त्साइलिंगर यांच्या गटाने गटारांच्या नळांतून ओढलेल्या सुमारे दीड किलोमीटर प्रकाशतंतूवरून क्वांटम किल्ली पाठवून नगरभवनापासून बँकेपर्यंत पैसे वळते केले. २१ ऑक्टोबर २००७ रोजी स्वित्झर्लंडच्या संसदीय निवडणुकीत जिनिव्हाच्या मतमोजणी केंद्रापासून सरकारी संगणककेंद्रापर्यंतची तार क्वांटम किल्लीने राखण्यात आली. बातमी जगभर गेली.

या शेवटच्या प्रसंगापाशी जरा थांबायला हवे. निवडणुकीत गैरप्रकार होऊ शकतो तो मतदारयादीत, मतपत्रिकेत, मोजणाऱ्या हातांत किंवा संगणकाच्या आत. मोजणीकेंद्रापासून संगणककेंद्रापर्यंतची तार हा त्या साखळीतला बहुधा सर्वांत कमी घाबरण्याजोगा दुवा. घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या असताना एका दाराला जगातले सर्वांत भारी कुलूप लावावे, तसा काहीसा हा प्रकार. जिनिव्हाच्या अधिकाऱ्यांनी मतदारांना फसवले असे आम्ही म्हणत नाही. तारेवरचा मजकूर वाटेत बदलू नये ही त्यांची इच्छा रास्तच होती. पण 'क्वांटमने राखलेली निवडणूक' हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात तारेची हमी सगळ्या निवडणुकीवर पसरते. या पसरण्याला विक्रेत्याने आवर घातला नाही, तर गिऱ्हाइकाने विकत घेतलेली वस्तू आणि त्याच्या हाती पडलेली वस्तू वेगळ्या होतात.

४

कुलपाचा उल्लेख आलाच आहे, तर कुलपांच्या इतिहासातली एक हकीकत सांगतो, कारण ती या विषयाच्या फार जवळची आहे. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेले होते. जो ते किल्लीवाचून उघडील त्याला २०० गिनी देण्याचे आव्हान सोबत लिहिलेले होते. साठ वर्षे कोणालाही ते साधले नाही. १८५१ साली हाइड पार्कमधील महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या ए. सी. हॉब्ज या माणसाने ते उघडले. सोळा दिवसांत मिळून त्याला ५१ तास लागले. त्याआधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले होते. इंग्लंडात मोठी खळबळ उडाली. अशा गोष्टी चारचौघांत सांगाव्यात का, चोरांना शिकवणी दिल्यासारखे ते होत नाही का, असा वाद माजला. त्यावर हॉब्जच्या बाजूने दिलेले उत्तर १८५३ च्या कुलपांवरील पुस्तकात आहे, आणि त्याचा आशय असा की चोरांना त्यांच्या धंद्यातले आपल्यापेक्षा जास्त आधीच कळते. अंधारात राहतो तो सज्जन गिऱ्हाईक.

हॉब्ज काही साधू नव्हता. त्याला स्वतःची कुलपे खपवायची होती. पण त्याने जे दाखवले ते खरे होते. टीकाकाराचा हेतू शुद्ध नसला तरी त्याची टीका तपासायची असते. पुढे १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनासाठी जे नियम मांडले, त्यांतला एक हीच शिकवण सांगतो: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. गुप्तलेखनाच्या शास्त्राने तेव्हापासून जो शिष्टाचार पाळला, तो बाजारातल्या शिष्टाचाराच्या नेमका उलटा आहे. विक्रेता दोष झाकतो. या शास्त्रात दोष दाखवणाऱ्याला मान असतो.

क्वांटम पेटीला तिचा हॉब्ज नॉर्वेत भेटला. ट्रोनहाइम येथील विद्यापीठात वादिम माकारोव आणि त्यांचे सहकारी या पेट्यांचा अभ्यास करत होते. एकेका फोटॉनची चाहूल घेणारा संवेदक हा अतिशय नाजूक डोळा असतो. त्यावर सतत प्रखर प्रकाश सोडला की तो दिपतो. एकेक कण त्याला जाणवेनासा होतो आणि तो साध्या प्रकाशमापकासारखा वागू लागतो. मग ठराविक ताकदीचा झोत टाकला की तो चोराला हव्या त्याच क्षणी, हवे तेच 'पाहतो'. म्हणजे घेणाऱ्याने काय मोजले हे चोरच ठरवतो आणि चुका मात्र वाढत नाहीत. २०१० साली माकारोव यांचा गट आणि जर्मनीतील एर्लांगेनचे शास्त्रज्ञ यांनी वर उल्लेखिलेल्या दोन्ही कंपन्यांची विक्रीला असलेली यंत्रे अशा रीतीने पराभूत होऊ शकतात, हे 'नेचर फोटॉनिक्स' मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी सिंगापूर विद्यापीठात २९० मीटर प्रकाशतंतूवर चोराचे संपूर्ण यंत्र बांधून किल्ली खरोखर चोरून दाखवण्यात आली. ते यंत्र मात्र विक्रीतले नव्हते, संशोधकांनी बांधलेले होते.

निसर्गाचा नियम या वेळीही मोडला नव्हता. सिद्धांतात 'संवेदक' हा एक शब्द होता. पेटीत तो अर्धवाहक, विद्युत्-दाब आणि तारा यांचा जोडलेला जीव होता. सिद्धांताने शब्दाची हमी दिली होती, वस्तूची नव्हे.

यानंतर जे घडले ते आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. संशोधकांनी प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपन्यांना कळवले आणि उपाय शोधायला वेळ दिला. जिनिव्हाच्या कंपनीने त्यांना दारातून हाकलले नाही. ती त्यांच्याबरोबर काम करू लागली. तिने पुढे एक उपाय योजला. माकारोव यांच्या गटाने तोही तपासला आणि २०१६ साली तोही पुरेसा नाही असे प्रसिद्ध केले, आणि या निबंधाच्या लेखकांत कंपनीची माणसेही होती. स्वतःच्या मालाचा दोष स्वतःच्या सहीने छापून देणे ही गोष्ट व्यापारात किती दुर्मीळ आहे हे सांगायला नको. शास्त्राचाही यात लाभ झाला. २०१२ साली टोरोंटोतील होइ-क्वाँग लो आणि त्यांचे सहकारी यांनी अशी पद्धत सुचवली की जीत संवेदकावर विश्वासच ठेवावा लागत नाही. तो खुद्द चोराच्या ताब्यात असला तरी चालतो. हल्ला झाला नसता तर ही पद्धत इतक्या लवकर कोणी शोधली असती असे वाटत नाही.

याच काळात क्वांटम संगणकाच्या बाजूला उलट्या क्रमाची गोष्ट घडत होती. १३ फेब्रुवारी २००७ रोजी कॅनडाच्या 'डी-वेव्ह' या कंपनीने कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयात आपल्या १६ क्यूबिटच्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. यंत्र स्वतः दूर कॅनडात होते. पडद्यावर सुडोकू सुटताना दिसत होते. हे यंत्र साध्या संगणकापेक्षा वेगवान आहे का, किंबहुना क्वांटम म्हणावे असे त्यात काय चालले आहे, हे तज्ज्ञांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा पुरावा तोकडा होता. २०११ पासून यंत्रे विकली जाऊ लागली, आणि २०१४ मध्ये 'सायन्स' मध्ये आलेल्या एका काटेकोर चाचणीत ५०३ क्यूबिटच्या यंत्रात वेगाचा फायदा आढळला नाही. यंत्र परक्या शास्त्रज्ञांना तपासता आले हे चांगलेच. पण इथे घोषणा आधी झाली, माल मग विकला गेला आणि मोजमाप सर्वांत शेवटी आले. हा क्रम उलटा असता तर बरीच वर्षांची कटुता टळली असती.

५

इंग्लंडातील डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० सालीच या विषयाची अडचण नेमकी सांगून ठेवली होती. तंत्रज्ञान कोवळे असते तेव्हा त्याला वळण देणे सोपे असते, पण त्याचे परिणाम दिसत नसतात. परिणाम दिसू लागतात तेव्हा ते इतके रुजलेले असते की वळवणे महाग पडते. २०१३ मध्ये स्टिल्गो, ओवेन आणि मॅकनॉटन या तिघांनी जबाबदार नवनिर्मितीची चार अंगे सांगितली. मराठीत ती अशी मांडता येतील: पुढचे पाहणे, स्वतःकडे पाहणे, इतरांना विचारणे, आणि ऐकल्यावर वळणे. ब्रिटनमधील विज्ञान-अर्थसाहाय्याच्या व्यवहारात ही चौकट स्वीकारली गेली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी त्या देशाचा मोठा क्वांटम कार्यक्रमही जाहीर झाला.

चार अंगांची ही चौकट चांगली आहे. पण ती अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होऊन बसण्याची भीती नेहमीची आहे. रकाना भरला की जबाबदारी संपली. आमच्या मते तिची खरी परीक्षा चौथ्या अंगात आहे. पुढचे पाहिल्याचे आणि इतरांना विचारल्याचे अहवाल लिहिता येतात. कोणी येऊन तुमची पेटी उघडून दाखवली तर तुम्ही काय करता, हे मात्र अहवालात लिहून भागत नाही.

या कसोटीला उतरणारे दुसरे उदाहरण क्वांटम पेटीच्या प्रतिस्पर्ध्याचे आहे. शोर यांच्या धोक्याला दुसरेही उत्तर आहे: क्वांटम संगणकालाही अवघड जातील अशी नवी गणिते घ्यायची, आणि तारा, संगणक आहेत तेच वापरायचे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक-संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये यासाठी जगभरातून पद्धती मागवल्या. पहिल्या फेरीत ६९ पद्धती घेतल्या गेल्या आणि त्या मोडून पाहा असे सर्वांना उघड आमंत्रण दिले गेले. लोकांनी मोडल्या. 'साइक' ही पद्धत शेवटच्या टप्प्यांपर्यंत टिकली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधील दोन गणितज्ञांनी तिचे सर्वांत लहान रूप साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात फोडले. ही कोणाला नामुष्की वाटेल. आम्हांला ते या सगळ्या खटाटोपाचे सार्थक वाटते. ती पद्धत मोडली ती कोणाच्या बँकेत बसण्याच्या आधी. १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध झाली. त्यांनाही निसर्गनियमाची हमी नाही. ती टिकतील हा एक तपासलेला विश्वास आहे, आणि तो तसाच सांगितला जातो.

क्वांटम पेटीबद्दल अनेक देशांच्या सुरक्षा-संस्था आज सावध आहेत. अमेरिकेच्या एनएसएने २०२० मध्ये, तर फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन यांच्या संस्थांनी जानेवारी २०२४ मध्ये एकत्रितपणे सांगितले की तूर्त नव्या गणितांना प्राधान्य द्यावे. त्यांच्या कारणांत नवीन काही नाही. पेटीला खास उपकरणे लागतात. पलीकडचा माणूस तोच आहे याची ओळख पेटी स्वतः पटवून देत नाही. ती दुसऱ्या मार्गाने पटवावी लागते. आणि लांबच्या अंतरावर मध्ये ठाणी लागतात. बीजिंग ते शांघाय ही सुमारे २००० किलोमीटरची वाट २०१७ मध्ये सुरू झाली, तीत अशी ३२ ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडी होते आणि पुन्हा बंद होते. त्या ठाण्यांवरच्या माणसांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि माणसाच्या सचोटीची हमी पुंजभौतिकी देत नाही.

पेट्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या काय करतात हे जितके सांगितले गेले, तितके त्या काय करत नाहीत हे सांगितले गेले नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

६

आता हे सारे आपल्या अंगणात येऊन पोहोचले आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मान्यता दिली. ती २०३०-३१ पर्यंत चालायची आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर, जमिनीखाली आधीच असलेल्या प्रकाशतंतूवरून, क्वांटम किल्ली पाठवून दाखवली होती. मोहिमेच्या उद्दिष्टांत शहराशहरांमधल्या २००० किलोमीटरच्या किल्लीजोडणीचा समावेश आहे. चार केंद्रांपैकी मोजमाप आणि संवेदनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे एक केंद्र आहे. देशात अशा पेट्या बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. ज्या देशात ही कल्पना पहिल्यांदा छापली गेली त्या देशात ती वस्तू म्हणून तयार व्हावी, याचा आनंद आम्हांलाही आहे.

पण त्या आनंदासोबत काही साध्या मागण्या असाव्यात. मोहिमेच्या पैशातला एक ठळक हिस्सा पेट्या बनवणाऱ्यांइतकाच पेट्या फोडून पाहणाऱ्यांसाठी असावा. ते लोक बनवणाऱ्यांच्या पगारावर नसावेत. त्यांना जे सापडेल ते, दुरुस्तीला वाजवी वेळ देऊन, प्रसिद्ध व्हावे. पेटीसोबत एक पान असावे, ज्यावर ती कशापासून वाचवते याच्या शेजारी ती कशापासून वाचवत नाही हेही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले असेल. आणि ज्यांच्या नोंदी या तारांवरून जाणार, त्या खातेदारांना, रुग्णांना, मतदारांना हा खर्च नेमक्या कोणत्या धोक्यासाठी होतो आहे, हे विचारता यावे आणि त्यांच्या भाषेत उत्तर मिळावे. संरक्षणाचे गुपित म्हणून या प्रश्नांना टाळता येईल असे कोणी म्हणेल, त्याला केर्कहॉफ्सचे उत्तर १८८३ पासून तयार आहे.

आपल्याकडे दोष दाखवणारा माणूस चटकन घरभेदी ठरतो. सरकारी संकेतस्थळातली भोके दाखवणाऱ्याला आभारापेक्षा नोटिसीचीच धास्ती जास्त असते. ही सवय बदलल्यावाचून ट्रोनहाइम आणि जिनिव्हा यांच्यात जे घडले ते प्रयागराज आणि पुणे यांच्यात घडणार नाही. यंत्रे आयात करता येतात, प्रकाशतंतू अंथरता येतो. टीकाकाराला टेबलापाशी खुर्ची देण्याची रीत मात्र इथेच घडवावी लागते.

१९८९ च्या त्या टेबलाशी पुन्हा येऊ. ३२ सेंटिमीटरच्या त्या यंत्राचा आवाज ऐकून बेनेट आणि ब्रासार यांनी कान झाकले नाहीत. तो आवाज त्यांनी लिहून ठेवला. त्यांना १९८४ चा सिद्धांत ज्या प्रामाणिकपणाने सुचला, त्याच प्रामाणिकपणाने त्यांनी १९८९ च्या यंत्राचे वैगुण्य सांगितले. आज प्रत्येक पेटी असा काही ना काही आवाज करत असणार, आणि तो ऐकू शकेल असा कोणीतरी खोलीत असला पाहिजे. तो चोर असण्यापेक्षा आपला माणूस असलेला बरा.